खिरापतीतला बोल्ट

अमरावतीहून दर्यापूरमार्गे अकोटला जाणाऱ्या एसटीत खिडकीची जागा मिळाली म्हणजे त्या दिवशी नशीब जोरावर आहे असं खुशाल समजावं. गीतांजलीला ती मिळाली होती. मावशीकडचा मुक्काम संपवून, ओढणी डोक्यावर ओढून ती जरा कुठे डोळे मिटते, तोच तिच्या मांडीवर कुणीतरी एक डबा आणून ठेवला. विचारणं नाही की पुसणं नाही.

"जराकसा धरा बरं," वरून आवाज आला. "बॅग वर टाकतो अन् घेतो. हलवू मात्र नका."

तिनं डोळे उघडले. उन्हानं रापलेला एक उंच तरुण वरच्या फळीवर बॅग कोंबत होता. शर्टाची एक बाही दुमडलेली, दुसरी दुमडायची राहून गेलेली. बॅग काही मावत नव्हती आणि तो काही हार मानत नव्हता. शेवटी बॅग पायाशी ठेवून तो तिच्या शेजारी बसला आणि मोकळं हसला. डबा मात्र घ्यायचा विसरला... किंवा विसरल्यासारखं केलं.

"काय हाय याच्यात?" तिनं विचारलं.

"ओळखा."

ते भुलाबाईचे दिवस होते. घरोघरी मातीची भुलाबाई बसलेली. संध्याकाळी पोरी गाणी म्हणायच्या आणि मग झाकलेला खिरापतीचा डबा कानाशी हलवून आत काय आहे ते ओळखायच्या. गीतांजलीचं सारं लहानपण त्या डब्यांत गेलेलं. त्यामुळे पुढचा प्रश्न तिच्या तोंडून आपसूकच निघाला.

"गोड का तिखट?"

"खारट," तो म्हणाला.

"खारट शेंगदाणे."

"नाई."

"शेव."

"हारली म्हना."

"हारली बाप्पा."

त्यानं झाकण उघडलं. आत रेती होती. रेतीत मातीचं एक कासव बसवलेलं, आणि त्याच्या बाजूला काचेची बरणी. कासव इतकं ओबडधोबड होतं की गीतांजलीला हसू आवरेना.

"कासव हाय का फुगलेली पुरी?"

"माह्या हातची हाय," तो जरा दुखावून म्हणाला. "खरं कासव आनता येत नाई ना बसमधी. अकोटच्या शाळेत प्रदर्शन हाय, त्याच्यासाठी घेऊन चाललो. मी कुंदन. गाव तिवसा. काम मात्र कोकनात... समुद्रकासवं अंडे घालाले येतात, त्याईची राखन करतो. सध्या अमरावतीले बसून त्याच्यावरच लिहून राहिलो."

कंडक्टर आला. तिला अर्धं तिकीट, त्याला पूर्ण. "पाहा," कुंदन म्हणाला, "दीड तिकिटात तीन जीव चालले. तुमी, मी अन् हे."

ती पुन्हा हसली. तेवढ्यात त्यानं बरणीचं झाकण फिरवलं, आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

बरणीत काळ्या, चिकट गोळ्या होत्या. वास तिच्यापर्यंत आला. हा वास तिनं अकोटात कधी घेतला नव्हता. तो तिच्या कामावरच्या बॉयलर सूटला असायचा, केसांना असायचा, सुटीवर आल्यावर आठ-आठ दिवस नखांतून जात नसायचा.

"किनाऱ्यावर येतात ह्या," कुंदन सांगत होता. "जहाजवाले तेलकट घान समुद्रात सोडून देतात. ते पानी गाळून सोडाव, गाळ बंदरावर द्याव, असा कायदा हाय. पन भर समुद्रात पाहाले कोन जाते? मंग ते तेल घट्ट होऊन अशा गोळ्या बनतात. कासवाचं पिल्लू एवढंसं राहाते... ते खाते हे. तोंड चिकटून जाते. जीव जातच नाई पाहा लवकर." त्यानं बरणीचं झाकण घट्ट लावलं. "मले एक जरी जहाजवाला भेटला ना, तर मी त्याले काई बोलनार नाई. फक्त तसं एक पिल्लू त्याच्या हातावर ठेवीन."

गीतांजलीनं डबा त्याच्या मांडीवर सरकवला. हात ओढणीत लपवले.

"तुमी काय करता?" त्यानं विचारलं.

"आमचा... अकोटले झेंडूचा मळा हाय. फुलं विकतो."

"अन् हातावर हे पोळलं कायनं?"

"तव्यानं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. कपाशीची शेतं मागे पळत होती, आणि तिचे कान तापून लाल झाले होते.

झेंडूचा मळा होता हे खरं होतं. पण फुलं विकायचे ते देवीदासभाऊ, तिचे वडील. ती मालवाहू जहाजावर चौथी, म्हणजे सगळ्यांत धाकटी, इंजिनिअर होती, आणि हा डाग तव्याचा नव्हता, वाफेच्या पाइपाचा होता.

नुकत्याच सरलेल्या पावसाळ्यात जहाज कोकणच्या बाजूनं चाललेलं असताना तेल गाळायचं यंत्र बंद पडलं. इंजिनाखाली साचलेलं तेलकट पाणी आणि टाकीतला काळा गाळ वाढतच चालला. बंदरावर दिला तर खर्च आणि खोळंबा. तिच्या वरच्या सेकंड इंजिनिअरनं तिला बोलावलं. यंत्राला वळसा घालून पाइप थेट समुद्राकडे जोडायचा होता. "ये लडकी कर लेगी," तो बाकीच्यांना म्हणाला. तोवर त्या जहाजावर तिला कुणी धड पाना हाती दिला नव्हता. तिनं बोल्ट आवळले, वाल्व फिरवला, आणि रात्रभर समुद्रात काळं पाणी गेलं. बंदर यायच्या आत पाइप काढून लपवायचं कामही तिनंच केलं.

लाज कशाची वाटावी याचा हिशोब मोठा चमत्कारिक असतो. पाइप जोडला याची तिला तेव्हा वाटली नव्हतीच. उलट त्या दिवशी ती खूश होती. आपल्याला आपल्यातलं मानलं म्हणून खूश. बरणीतल्या गोळ्या पाहिल्यावर तिला आधी आठवला तो आपला त्या दिवशीचा आनंद, आणि तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता बसमधून उतरून जावं.

*

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मळ्यात तोडणी चालली होती. गुडघाभर झेंडूत वाकलेल्या गीतांजलीनं मान वर केली, तर बांधावर कुंदन उभा. आज दोन्ही बाह्या दुमडलेल्या.

"फुलं न्यायले आलो," तो म्हणाला.

"अमरावतीत झेंडू भेटत नाई का?"

"भेटते ना. पन तिथली इकनारी हासत नाई."

"मी कदी हासली?"

"कासवाले पाहून हासली होती. म्हटलं, आता मले पाहून हासते का ते पाहू."

ती हसली नाही; हसू ओठांत दाबण्यासाठी तिला पाटी उचलून दुसऱ्या वाफ्यात जावं लागलं एवढंच. त्यालाही तेवढंच पुरलं. तो मुकाट्यानं फुलं तोडू लागला, आणि इतकी वाईट तोडू लागला की केशरबाईंनी, तिच्या आईनं, त्याला चहा देऊन सावलीत बसवलं.

तेवढ्यात देवीदासभाऊंचा आवाज चढला. शेजारचा गडी फवारणीचा पंप नाल्यात धूत होता.

"अबे, नाल्यात कावून धुतं? मागच्या साली मासोळ्या मरून वर आल्या होत्या, इसरला का? खाली कोनाचं जनावर पानी पीत असन. जा, तिकडं पडीत वावरात धू." ते तणतणत सावलीत आले आणि पाहुण्याशेजारी बसले. "आमच्या घरी ही रीतच नाई, बाप्पा. माह्या पोरीले इचारा. एवढीशी होती तवापासून पंप उचलून पडितात नेऊन धुवाची. आता जहाजावर इंजिनर हाय, पन सवय तेच असन."

कुंदनचा कप अर्ध्यात थांबला. "जहाजावर?"

"मंग? सांगतलं नाई का तिनं? अख्ख्या अकोटात एकटी हाय."

गीतांजलीला वाटलं, आता तो उठेल. तो उठला, पण चेहरा मात्र उजळलेला. "तरीच! बसमधी बरनी पाहून तुमचा चेहरा पडला होता. मी अडान्यासारखा तुमालेच शिकवून राहिलो होतो. तुमी कावून नाई बोलल्या? जहाजवाली म्हटलं का लोक संग फोटो काढत बसतात म्हनून?" मग आवाज खाली आणून, जवळजवळ आशेनं, त्यानं विचारलं, "तुमच्या जहाजावर... असं नसन ना होत?"

"माही पोरगी असल्यावर?" देवीदासभाऊ परस्परच म्हणाले. "काहीतरीच इचारता बाप्पा तुमी."

दोघं तिच्याकडे पाहू लागले. एकाच्या डोळ्यांत अभिमान. दुसऱ्याच्या डोळ्यांत... तेही होतं, आणि आणखी काही होतं, जे तिला फार हवंहवंसं वाटलं.

गीतांजलीनं मान हलवली. नाही, होत नाही.

त्यानंतर तो येतच राहिला. कधी फुलांसाठी, कधी शाळेतला डबा परत न्यायला, कधी काहीच कारण न सांगता. तिला "जहाजवाल्या बाई" म्हणायचा. तुमीचं तू कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. दसऱ्याला आपट्याची पानं तिच्या हातावर ठेवताना त्याची बोटं तिच्या तळव्यावर जरा जास्तच रेंगाळली, आणि तिनं हात झटकन मागे घेतला. त्याला वाटलं, लाजली. लाजली होतीच ती. पण त्याला वाटली ती लाज नव्हती.

प्रेमात पडल्यावर माणसाला आरशात आपण बरे दिसू लागतो म्हणतात. गीतांजलीचं उलटंच झालं. कुंदन जितका तिला चांगली समजायचा तितकी ती आरशासमोरून लवकर सरकायची. कंपनीचा फोन आला: बढती दिली आहे, दिवाळीनंतर रुजू व्हा. आईनं साखर वाटली. कुंदन पेढ्यांचा पुडा घेऊन आला. दिवाळीनंतर जहाजावर निघून जावं आणि त्याला आयुष्यभर काही कळू नये, हेही सहज जमण्यासारखं होतं.

त्याच संध्याकाळी तिनं कपाटातून बॉयलर सूट काढला. खिशात बोट घातलं. पाइप काढताना घाईत राहिलेला एक बोल्ट तिथं अजून होता.

*

कोजागिरी म्हणजे भुलाबाईचा शेवटचा दिवस. चंद्र नुकताच वर आला होता आणि अंगणात गल्लीतल्या पोरींनी नुसता कल्ला केला होता. गाणी झाली. डबे हलले. कुंदन पाहुणा म्हणून बसला होता, पण प्रत्येक डब्याला तोच आधी ओरडायचा आणि प्रत्येक वेळी चुकायचा. पोरींनी त्याची भरपूर टर उडवली. मग केशरबाईंनी दुधासाठी हाक मारली आणि सगळ्या घरात पळाल्या.

गीतांजली ओसरीवरून खाली आली. तिच्या हातात झाकलेला डबा होता.

"एक राहिला," ती म्हणाली. "फक्त तुह्यासाठी."

त्यानं डबा कानाशी धरून हलवला. खण... खण... "घुंगरू," तो म्हणाला. "अंगठी?" आणि स्वतःच गोंधळला, हसला. "म्हंजे... एवढी घाई नाई मले. तशी हाय म्हना..."

"हारला म्हन, कुंदन."

तिच्या आवाजानं त्याचं हसू गेलं. "हारलो."

तिनं झाकण काढलं. आत काळपट पडलेला एक बोल्ट होता.

मग तिनं सांगितलं. पाइप, वाल्व, रात्रभर गेलेलं पाणी. "ये लडकी कर लेगी" आणि त्यानं आपण किती खूश झालो तेही. "हा डाग तव्याचा नाई. वाफेच्या पाइपाचा हाय. तुह्या बरनीतल्या गोळ्या आमच्या जहाजाच्या असतीन, नसतीन..."

"कासवाले काय फरक पडते," तो म्हणाला.

"नाई पडत."

चांदणं अंगणभर पडलं होतं. आत पोरी दुधाच्या पेल्यांवरून भांडत होत्या. कुंदननं बोल्ट उचलला, चंद्राकडे धरून पाहिला आणि मुठीत घेतला.

"पानी सोडलं ते तुले दुसऱ्यानं सांगतलं," तो शेवटी म्हणाला. "नवी होती, भ्याली असशीन. ते मी समजू शकतो. पन मळ्यात मी इचारलं तवा... मान तू हलवली. ते कोनीच नव्हतं सांगतलं."

"मले वाटलं, तू मंग येनार नाई."

"म्हनून मी रोज एका दुसऱ्याच पोरीले भेटाले येत होतो का?"

त्यानं चपला घातल्या. फाटकापाशी तो थांबला... आता वळेल, असं तिला वाटलं. पण तो फाटकाची कडी लावायला थांबला होता. बोल्ट त्याच्याच मुठीत गेला.

ती त्या रात्री रडली नाही. सकाळी उठून मळ्यात गेली आणि वडिलांना सांगितलं, नाल्याच्या काठावर उभं राहूनच. देवीदासभाऊ पाण्याकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेलेलं तिनं पाहिलं, आणि त्या क्षणी समुद्रापेक्षाही तो नाला तिला मोठा वाटला.

"आता काय करतं?" त्यांनी विचारलं.

"सरकारात तक्रार देतो, बाबा. नावानिशी."

"दुसऱ्याचं नाव टाकशीन तं टाक," ते म्हणाले. "पन पहिलं तुहं टाक."

तिनं पहिलं आपलंच टाकलं.

*

चौकशी लागली. कंपनीनं कळवलं, निकाल लागेपर्यंत येऊ नका; पुढे बोलावतील की नाही हे कुणीच सांगत नव्हतं. अकोटात बातमी फिरायला वेळ लागला नाही. जी माणसं तिच्यासोबत फोटो काढायची ती आता झेंडूचा भाव विचारून पुढे जायची. गीतांजली रोज बाजारात ताजी फुलं घेऊन बसायची, आणि कुणी जहाजाचं विचारलंच तर नजर न चुकवता सांगायची. दर वेळी कान तापायचे. दर वेळी ती तरीही सांगायची.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. पूजेच्या फुलांसाठी बायांची झुंबड उडालेली. गर्दी ओसरली तेव्हा तिच्या पाटीसमोर एक ओळखीचा डबा येऊन बसला.

तिनं वर पाहिलं. एक बाही दुमडलेली, दुसरी नाही.

"तुह्या बाबानं फोन केला होता," कुंदन म्हणाला. "म्हने, फुलं न्यायले येत नाई, मेला का जिता हायस? बाकीचंबी सांगतलं." तो जरा अडखळला. "मी तुले माफ कराले नाई आलो. तो हक्क माहा नाईच. त्या दिवशी फाटकातून गेलो ना, ते रोज जाऊनच राहिलो... अन् रोज वाटते, वापस फिराव. ओळख."

तिनं डबा कानाशी धरला. हलवला. आवाजच नाही.

"खाली हाय."

"नाई."

"मंग... हारली."

झाकण उघडलं. आत रबरी हातमोजे होते. नवे कोरे, लहान मापाचे.

"माह्या हातात येत नाईत ते," तो फुलांकडे पाहत म्हणाला. "कासवं यायची वेळ झाली. त्याच्या आत किनाऱ्यावरच्या गोळ्या वेचा लागतात. हातं कमी पडतात. उद्या सकाळी निघतो. तुह्या बाबाले इचारलं, ते म्हने पोरीले इचार." आणि एका दमात, पडेल आवाजात, "मले तू आवडतं, गीतांजली. मान हलवनारी नाई. डबा उघडनारी."

तिनं हातमोजे हातात घेतले. याच हातांनी बोल्ट आवळले होते. डोळे भरून आले आणि बाजारात सगळ्यांसमोर ते पुसायचीही तिला चोरी झाली.

"मले अजून लाज वाटते, कुंदन," ती म्हणाली. "रोज वाटते. तिथं किनाऱ्यावर तर जास्तच वाटन. ते लाज जाईन असं नाई दिसत मले."

"नको जाऊ देऊ. तिलेबी घेऊन ये."

"अन् बसमधी तिचं तिकीट?"

"बसमधी काय? बायांले अर्धं तिकीट हाय," कुंदन म्हणाला. "तुम्हा दोघीचं मिळून एक पुरं होते. मी काढतो."